डागाखालच्या चार ओळी

बाईंनी घर बदलायचं ठरवलं तेव्हा पुस्तकांची वाटणी आधी झाली, भांड्यांची नंतर. कोश विद्यापीठातल्या विभागाला, मासिकांचे गठ्ठे ग्रंथालयाला आणि खिडकीजवळचा तळचा कप्पा मुंगीला. मुंगी म्हणजे त्यांची शेवटची विद्यार्थिनी. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. एक तर तिचं अक्षर मुंगीएवढं होतं, आणि दुसरं म्हणजे स्वतःपेक्षा जड ग्रंथ उचलून ती तीन-तीन जिने चढायची. आता ती स्वतः विभागात प्राचीन ग्रीक शिकवत होती, एका मुलीची आई झाली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं.

"कप्पा आजच ने," बाईंनी सकाळी फोनवर सांगितलं.

"बाई, उद्या दुपारी प्रुफं परत द्यायची आहेत मला. परवा येते ना."

"परवा नको. प्रुफं घेऊनच ये, इथे बसून बघ." मग थोडं थांबून, "भोपळीलाही आणलंस तरी चालेल."

हे मात्र नवल होतं. मुंगीची लेक भोपळी आठ महिन्यांची होती, नावाप्रमाणे गोल होती, आणि या आठ महिन्यांत बाईंनी तिला एकदाही कडेवर घेतलं नव्हतं. कुणी पुढे केलीच तर दोन पावलं मागे सरकून म्हणायच्या, "नको बाई, माझ्या हातून पडेल." ज्या हातांनी दोन हजार वर्षांपूर्वीचे, श्वासानेही भुगा होईल असे पपायरसच्या कागदाचे तुकडे उलटले, त्या हातांतून नऊ किलोची पोर कशी पडेल, असं मुंगीला प्रत्येक वेळी वाटायचं. पण बाईंना उलट विचारायची सोय नव्हती.

नाही तरी सासूबाई आज गुडघा दाखवायला डॉक्टरांकडे गेल्या होत्या आणि नवऱ्याची सकाळची पाळी होती. मुंगीने एका खांद्यावर प्रुफांची पिशवी टाकली, दुसऱ्यावर लंगोटांची, पुढे भोपळी बांधली आणि निघाली. जिना चढताना तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, "मुक्कामाला आलात वाटतं!"

प्रुफं तिच्या पहिल्या पुस्तकाची होती. तीन आठवड्यांनी विभागातल्या कायम जागेची मुलाखत होती, आणि प्रमुखांनी सरळच सांगितलं होतं, "पुस्तक टेबलावर असेल तर बोलू. नसेल तर सत्र संपलं की करारही संपला."

पुस्तक सगळंच्या सगळं चार ओळींवर उभं होतं.

त्या ओळी विषयातल्या प्रत्येकाला पाठ होत्या. एका दूरच्या संग्रहालयात हातभर लांबीचा एक पपायरस आहे. त्यावर कुणा अनामिकाची कविता, आणि मधोमध काजळीसारखा काळा डाग. बेचाळीस वर्षांपूर्वी बाईंचे गुरू, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी ती कविता छापली, डागाखालच्या चार ओळींसकट. प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं होतं की डागातलं वाचलं ते आपण नाही, आपल्या एका विद्यार्थिनीच्या तीक्ष्ण डोळ्यांनी. ती विद्यार्थिनी म्हणजे बाई. पुढे कितीतरी जण भिंग घेऊन गेले, कुणालाही काही दिसलं नाही. पण बाईंच्या डोळ्यांवर शंका घेणार कोण? त्या डोळ्यांनीच त्यांना नोकरी दिली, मान दिला, आणि 'डागातलं वाचणारी' अशी ख्याती दिली.

मुंगीने त्या ओळींचा अनुवाद केला होता तो असा:

भिंतीपलीकडे कुणाचं तरी मूल रडलं
आणि माझ्या अंगावरचं कापड भिजलं.
वेड्या दुधा, तुला घर कळत नाही,
तुला फक्त हाक कळते.

ही दुसऱ्यांच्या घरी दूध पाजायला ठेवलेल्या दाईची कविता आहे, असं विद्वान म्हणत आले होते, आणि लिहिणारा अर्थात पुरुष. त्या काळातलं जे हाती लागलंय ते बहुतेक पुरुषांचंच. मुंगीचं पुस्तक म्हणत होतं: नाही. हे बाईने लिहिलंय, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने. भोपळीच्या जन्मानंतर पंधराव्या दिवशी ती दवाखान्यात रांगेत उभी होती, मागे कुणा अनोळखी बाळाने भोकाड पसरलं, आणि हिचा सदरा पुढून ओलाचिंब. ती तिथेच थिजली होती. लाजेने नाही, तर ती ओळ आठवून. हे कुठल्याही पुरुषाला बसल्याजागी सुचणार नाही, अशी तिची खात्री पटली, आणि मग बाळ झोपलं की अर्धा तास, बाळ खेळलं की दहा मिनिटं, असं करत तिने दोनशे पानं लिहिली.

प्रमुख चहाच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "दुधावरून प्रबंध मांडणारी तू पहिलीच गं! पुरावा काय, सदरा?" सगळे हसले होते. तीही हसली होती. मागच्याच आठवड्यात वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण आपल्याला कसं कळणार, की खरंच आईनेच लिहिलं?" आणि मुंगीने छातीठोकपणे सांगितलं होतं, "कळतं. काही गोष्टी बनवता येत नाहीत."

बाईंचं घर निम्मं खोक्यांत गेलं होतं. भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन उरले होते. मुंगीने सतरंजी अंथरून भोपळीला त्यावर बसवलं आणि पुढ्यात एक लाकडी चमचा टाकला. बाई दारातूनच म्हणाल्या, "मी चहा टाकते. तू कप्पा काढ. डावीकडून सुरू कर."

डावीकडून पहिल्यांदा दोन व्याकरणं निघाली, मग एक फाटका नकाशा, मग मोठ्या सरांच्या चिठ्ठ्यांचं रिकामं खोकं. सरांची पद्धत मुंगीला ऐकून माहीत होती. मूळ तुकडा वाचताना प्रत्येक ओळीची एक चिठ्ठी करायची. डोळ्यांना दिसलं ते साधं लिहायचं. जिथे फाटलंय, पुसलंय, तिथे मनाने भरलेलं चौकोनी कंसात घालायचं. शिवाय सर विद्यार्थ्यांकडून एक खास अभ्यास करून घेत. त्याला म्हणत 'डाग भरणं'. कवितेत भोक असेल तर त्याच छंदात, तेवढ्याच लांबीच्या ओळी स्वतः ग्रीकमध्ये रचायच्या. छापायला नव्हे, हरवलंय ते केवढं मोठं आहे हे हाताला कळावं म्हणून. त्याही चिठ्ठ्यांवरच लिहायच्या, आणि कंसात. कंस विसरणं म्हणजे सरांच्या लेखी चोरी. मुंगीही आपल्या मुलांना हे असंच शिकवायची.

खोक्यामागे एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. वर बाईंच्या तरुणपणच्या, ताठ अक्षरात लिहिलं होतं, 'डाग'.

मुंगीने वही मधूनच उघडली. ग्रीक होतं. छंदाच्या लघु-गुरूच्या खुणा वर केलेल्या होत्या. पहिली ओळ ओळखीची. तिने सवयीने हसून मनातल्या मनात पुढची म्हटली, आणि पानावर पुढची ओळ वेगळी होती. खोडलेली. तिच्याखाली पुन्हा एक, तीही खोडलेली. तिसऱ्या खेपेला ती ओळ आली, जी जगातल्या प्रत्येक आवृत्तीत होती.

तिला आधी काही वाटलंच नाही. डोळे वाचत होते, डोकं मागे राहिलं होतं. उतरवून घेताना चुका होतात, माणूस खोडतो, त्यात काय. पण उतरवून घेणारा माणूस शब्द चुकतो. इथे शब्द बदलत होते. 'मन भिजलं' खोडून 'हात भिजले'. तेही खोडून 'कापड भिजलं'. चौथी ओळ सहा वेळा लिहिली होती. पाच वेळा ती छंदात बसत नव्हती, सहाव्यांदा बसली होती, आणि तिच्याखाली, दमलेल्या माणसाने मारावी तशी एक आडवी रेघ होती.

वरच्या कोपऱ्यात तारीख होती. सरांच्या आवृत्तीच्या वर्षभर आधीची, आणि सर व बाई संग्रहालयातून परत आले त्याच्या पाच महिने नंतरची. तिने ती तीनदा वाचली. बोटांनी महिने मोजले. भोपळीने चमचा फरशीवर आपटला, आणि तो आवाज तिला फार लांबून, जणू खालच्या मजल्यावरून आला.

समोर पपायरस नव्हता. दोन देशांचं अंतर होतं. हे वाचलेलं नव्हतं, हे रचलेलं होतं.

तिने वही मिटली. उघडली. ओळी तिथेच. मिटली. शेजारी प्रुफांची पिशवी पडली होती, तिच्याकडे बघवेना. दोनशे पानं. एकेक पान कधी लिहिलं ते तिला आठवत होतं. हे पोरीला ताप होता तेव्हाचं, ते नवऱ्याने बाळाला गच्चीत फिरवलं तेव्हाचं. 'तू कायम झालीस ना, की मी सलग आठ तास झोपणार,' असं तो रोज म्हणायचा.

स्वयंपाकघरात चमच्याचा आवाज थांबला होता. मघापासूनच थांबला असावा. चहाला एवढा वेळ लागत नाही.

"बाई," ती म्हणाली. "बाई!"

बाई दारात आल्या. हातात कप नव्हता.

"खोक्यामागची म्हणजे तीच," त्या म्हणाल्या. "सापडली ना?"

म्हणजे बाईंना ठाऊक होतं. वही तिथे होती नव्हे, ठेवली होती.

"हे तुम्ही..." तिने वही पुढे केली. "हे पपायरसवर नाहीच?"

"नाही."

"मग डागाखाली काय आहे?"

"मला काय माहीत? मला कधीच काही दिसलं नाही. पुढच्या महिन्यात ते नवीन कॅमेरे लावतायत तिकडे, डागाच्या आरपार शाई दिसते म्हणे त्यांना. तेव्हा कळेल सगळ्यांना." बाई खोक्यावर बसल्या. "मला वाटलं होतं, त्याच्या आत मी जाईन. पण तब्येत ठणठणीत आहे मेली. आणि तुझं पुस्तक मध्येच आलं."

"मी तीन वर्षं यावर काम करतेय," मुंगी म्हणाली. "तीन वर्षं दर गुरुवारी येते मी. तुम्ही चहा देता, ऐकून घेता, स्वल्पविराम दुरुस्त करता..."

"हो."

"आणि एकदाही..."

"एकदाही नाही. प्रत्येक गुरुवारी ठरवायचे. तू यायचीस, जिना चढून धापा टाकत, पोट एवढं पुढे. आता नको, बाळंतपण होऊ दे म्हटलं. मग बाळ लहान आहे म्हटलं. उद्याचा मुहूर्त मला कायम बरा वाटत आलाय गं."

मुंगीला रडू यायला हवं होतं, किंवा राग तरी. काहीच येत नव्हतं. जिन्यात पुढची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं होतं, फक्त पाय अजून टेकतच नव्हता.

"झालं कसं पण?" तिने विचारलं. "सरांनी छापलं कसं?"

"डाग भरायचा अभ्यास होता तो. सगळ्यांना दिलेला. बाकीच्यांनी समुद्र, जहाजं, देव असलं काहीबाही भरलं. मी हे. चिठ्ठीवर उतरवलं आणि खोक्यात टाकलं. काही महिन्यांनी सर खोकं घेऊन बसले तेव्हा त्यांची नजर पार अधू झाली होती. माझं अक्षर दिसलं, छंद बरोबर, आणि चिठ्ठीवर कंस नाही. त्यांना वाटलं, पोरीने तिथेच वाचलं असणार. मला विचारलंही नाही, आश्चर्याचा धक्का द्यायचा होता त्यांना." बाई कोरडं हसल्या. "छापील पुस्तक मी दवाखान्यातच पाहिलं, सर तिथे शेवटच्या आजारात होते. त्यांच्या छातीवर होतं. मला बघून त्यांनी त्या चार ओळी म्हणून दाखवल्या. पाठ केल्या होत्या. म्हणाले, एवढं हाती लागलं, आता जायला हरकत नाही. मी तोंड उघडलं होतं बरं का. मग मिटलं. ते नवव्या दिवशी गेले. आणि पुढच्या महिन्यात मला नोकरीचं पत्र. 'तीक्ष्ण डोळे.'"

"पण कंस," मुंगी हट्टाने म्हणाली. तिला आता धरायला एवढीच एक गोष्ट होती. "कंस कसा विसरलात तुम्ही? तुम्ही? मी पहिल्या वर्षाला एक कंस विसरले तर तुम्ही मला अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं होतंत."

भोपळी एव्हाना चमच्याला कंटाळली होती. ती पालथी झाली, हातावर उठायला गेली, नाकावर आपटली आणि जीव तोडून रडायला लागली.

मुंगीने तिला उचललं, खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, सगळं हात आपसूक करत होते. आणि तिच्या लक्षात आलं की बाई तिच्याकडे नाही, तिच्या सदऱ्याकडे बघतायत. पुढून दोन ओले डाग पसरत चालले होते.

तेव्हा तिच्या डोक्यात तो प्रश्न उभा राहिला, जो मघापासून तिथेच होता.

"बाई, तुम्हाला कसं माहीत होतं?"

"काय?"

"हे. दुधाचं. मी दोनशे पानं लिहिलीत, की हे आईशिवाय कुणाला सुचणार नाही म्हणून. तेवीस वर्षांची होतात तुम्ही. लग्न नाही, मूल नाही..."

बाईंनी मांडीवरचा धुळीचा डाग झटकला. तो गेला नाही, त्यांनी पुन्हा झटकला.

"मुलगा होता," त्या म्हणाल्या. "एकेचाळीस दिवस."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार लावलं. भोपळी हुंदके देत देत अंगठा चोखायला लागली.

"संग्रहालयात होतो तेव्हा सहावा संपत आलेला. माझा ओव्हरकोट मोठा होता. त्याचा बाप आधी होता, मग नव्हता. ती गोष्ट वेगळी, आणि सांगण्यासारखीही नाही. सरांना सांगितलं, कावीळ झालीय. कपड्यांना टाके घालून मिळायचे तेवढ्या पैशात एक खोली घेतली होती गावाबाहेर. तो गेला न्यूमोनियाने. मी दहा दिवसांनी कामावर हजर. पण भिंतीपलीकडे शेजारणीचं मूल होतं ना. रोज चारच्या सुमाराला उठायचं." त्यांनी मान वर केली. "त्याच आठवड्यात सरांनी डाग भरायला दिला. चिठ्ठी लिहिली, नियमाप्रमाणे कंस करायला हात नेला. कंस म्हणजे, हे खरं नाही, आपण कल्पना केलीय. हात पुढे जाईना गं. विसरले नाही मी. मला तो करता आला नाही."

मुंगीला आठ महिन्यांतलं एकेक आठवत होतं. 'नको बाई, माझ्या हातून पडेल.' मागे सरकलेली दोन पावलं. बारशाचं पाकीट दारातूनच देऊन गेलेल्या बाई. दर गुरुवारी समोर बसून तिच्याकडून दुधावरचं प्रकरण ऐकणाऱ्या, आणि स्वल्पविराम दुरुस्त करणाऱ्या बाई. आणि ती बोलत सुटायची, की जिने हे लिहिलं ती खरीच होती, तिला मी ओळखते, अगदी समोर बसल्यासारखी.

"तुझं म्हणणं बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "एकाही पुरुषाला जे कळलं नाही ते तुला कळलं. फक्त बाई चुकली तुझी. दोन हजार वर्षांनी."

हे ऐकून मुंगीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. हसू असावं. तिलाही कळलं नाही.

"आता काय करू मी?"

"ते मी कोण सांगणार? प्रुफं दिलीस तर तीन आठवडे तरी कुणाला कळत नाही. मुलाखत होऊन जाईल. कॅमेऱ्यांचं नंतर बघता येईल, तुझा दोष नाहीच त्यात, सगळे फसले तशी तूही फसलीस. हाही रस्ता आहे. मी बेचाळीस वर्षं चाललेय त्यावरून, रुंद आहे चांगला."

"आणि तुमचं?"

"माझं काय? निवृत्त बाईचं काय घेणार आहेत, डोळे?"

मुंगीने पिशवीतून प्रुफं काढली. एका हाताने गाठ सुटेना. तिने इकडेतिकडे पाहिलं, सतरंजी लांब होती.

"धरा," ती म्हणाली, आणि विचारायचं भान न राहता तिने भोपळीला बाईंच्या हातात दिलं.

बाई मागे सरकल्या नाहीत, खोक्यावर बसल्या होत्या, सरकायला जागाच नव्हती. त्यांचे हात क्षणभर लाकडासारखे ताठ राहिले. मग डावा हात आपणहून पोरीच्या बुडाखाली गेला आणि उजवा मानेमागे, जिथे तो जायला हवा तिथेच. भोपळीने त्यांचा चष्मा ओढला. बाईंनी ओढू दिला.

मुंगी फरशीवर गुडघे टेकून पानं उलटत होती. बारावं पान. चार ओळी सुबक छापलेल्या, भोवती भरपूर कोरी जागा. तिने पेन्सिल घेतली. पहिल्या ओळीच्या आधी एक चौकोनी कंस केला. चौथीनंतर दुसरा. दोन मुंगीएवढ्या खुणा. झालं. कितीसा वेळ लागला? ती त्या खुणांकडे बघत राहिली.

तिने फोन लावला. प्रकाशनातल्या संपादिकेने पहिल्याच घंटेला उचलला. "उद्या दुपारी बरं का! छपाईचा दिवस ठरलाय, आता एक शब्द बदलायचा नाही."

"थांबवा," मुंगी म्हणाली.

"म्हणजे? अहो, तुमची मुलाखत..."

"माहितीय. थांबवा. शेवटची तीन प्रकरणं पुन्हा लिहायची आहेत मला."

"अहो, पण झालं काय एवढं?"

मुंगीने वर पाहिलं. बाईंचा चष्मा भोपळीच्या तोंडात होता. त्या बसल्या जागी पुढे-मागे डोलत होत्या, अगदी हलकेच, आणि आपण डोलतोय हे त्यांना कळलेलं दिसत नव्हतं.

"त्या चार ओळी लिहिणारी सापडलीय," मुंगी म्हणाली. फोन तिने कानापासून जरा दूर धरला आणि हलकेच विचारलं, "बाई, नाव घालू?"

बाईंनी डोळे मिटून घेतले होते. संपादिका फोनवर "हॅलो, हॅलो" करत होती.

"घाल," त्या म्हणाल्या. "आणि त्याचंही घाल. तुला सांगते. अजून कुणाला सांगितलेलं नाही."